टोक आत दडवलेली गाठ

४ फेब्रुवारी १९८८

काकू,

पोचले, सुखरूप. कॅमेऱ्याच्या पट्ट्यातून अजून पीठ निघतंय. दुरुस्तीवाल्याकडे साफ करायला दिला तर तो म्हणाला, "बाई, तुम्ही फोटोग्राफर की बेकरीवाल्या?" मी म्हटलं, गिरणीत वाढलेली आहे, आयुष्यभर पुरेल इतकं पीठ नाकात आहे.

पंधरा दिवस तू माझी कटकट सहन केलीस. लोक दळण घेऊन यायचे आणि मी मध्येच कडमडायची, "जरा असेच उभे राहा" म्हणून. सोळा रोल झालेत. काल तुझ्या मानेचा फोटो धुतला. मानेच्या घड्यांत पीठ बसलंय आणि पाठमोरी तू कोणाला तरी झापते आहेस, हे पाठीवरूनसुद्धा कळतं. डार्करूममध्ये एकटीच हसले. मग रडू आलं. आई गेल्यावर मला तुझ्या ओट्यावर आणून ठेवलं तेव्हा मी पाच वर्षांची होते, आणि पहिले कितीतरी दिवस मी तुझं तोंड नाही, ही मानच बघत होते. प्रदर्शनाचं नाव 'जिथं वाढले' ठेवलंय. अठराला सुरू होतंय.

तुला दिलेला शब्द पाळलाय. दळण तोलणाऱ्या तुझ्या भाचीचा, काटेवालीचा, चेहरा एकाही फोटोत नाही, तिच्या चिंगीचाही नाही. "लाजते ती" एवढंच तू म्हणालीस, मीही खोदून विचारलं नाही. तिचे फक्त हात घेतलेत, पोत्याचं तोंड बांधतानाचे. काकू, तो सगळ्यांत चांगला फोटो झालाय. चार फुटी छापलाय. एका पेपरवाल्याने तोच मागून नेला.

तुझी,
बारकी

१० फेब्रुवारी

बारके,

पत्र मिळालं. माझी मान टांगणार म्हणतेस! अख्खी बाई सोडून मान. जन्मात कोणी माझा फोटो काढला नाही आणि काढला तो पाठीकडून. असो. तुझ्या काकांना वाचून दाखवलं, ते अजून हसतायत.

आता नीट वाच. मी तुझ्याशी खोटं बोलले. काटेवाली लाजत नाही, घाबरते. आणि ती माझी भाची नाही. सात वर्षांपूर्वी दोन वर्षांची चिंगी कडेवर घेऊन ती शेवटच्या बसमधून उतरली होती. खांद्याचं हाड मोडलेलं, आणि एका मनगटावर भाजल्याची ताजी खूण. नवऱ्याने गरम सळई लावली होती. चौकीत दोनदा गेली, दोन्ही वेळा तोच येऊन गोड बोलून घरी घेऊन गेला. तिसऱ्यांदा ती चौकीत न जाता बसमध्ये बसली. मी काट्यावर बसवलं, गावाला भाची म्हणून सांगितलं. गावानेही भाचीच मानली. तो अजून शोधतोय. "मेलीस तरी राख माझ्या अंगणात येईल" असं म्हणाला होता तिला.

तुला आधी सांगितलं नाही कारण तू लहानपणापासून पोटात काही ठेवू शकत नाहीस. आता सांगते कारण तू हात टांगणार आहेस. ती मनगटावरची खूण फोटोत दिसते का? दिसत असेल तर तो फोटो काढून टाक. ताबडतोब कळव. पोस्टात फोन करू नकोस, मला फोनवर धड ऐकू येत नाही आणि पोस्टातल्यांना सगळं ऐकू येतं.

काकू

१९ फेब्रुवारी

काकू,

तुझं पत्र वाचलं. भिंग घेऊन फोटो इंच इंच तपासला. खूण दिसत नाही. हात मनगटाच्या वरपर्यंत पिठाने पांढरे झालेत. बांगडी नाही, अंगठी नाही, मागे नुसती भिंत. खाली मी गावाचं नाव लिहिलेलं नाही. हे हात कोणाचेही असू शकतात. तू निर्धास्त राहा.

तरी काल उद्घाटनाला मी डोळ्यांत तेल घालून उभी होते. एकटा पुरुष त्या फोटोसमोर जरा जास्त वेळ थांबला की मी त्याच्या मागे जाऊन उभी. त्यातला एक माझा जुना प्राध्यापक निघाला. बिचाऱ्याला वाटलं मी त्याला हाकलतेय.

पण एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण अशा गोष्टीसाठीच माणूस हे काम करतो. दुपारी एक म्हातारी आली. एकटी, हातात कापडी पिशवी, पायात झिजलेल्या चपला. प्रदर्शनाला येणाऱ्यांतली नव्हतीच ती. पेपरात फोटो बघून आले म्हणाली. हातांच्या फोटोसमोर उभी राहिली ती राहिलीच. काचेवर बोट फिरवायला लागली. गॅलरीतली पोरं तिला हटकायला निघाली, मी थांबवलं. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. मला म्हणाली, "कुठलं गं हे? माझी लेक असंच करायची." मी तिला बाकावर बसवलं, पाणी दिलं. लेक बऱ्याच वर्षांपूर्वी गेली असं म्हणाली. काकू, मला माझीच आई आठवली. मी सांगितलं, आमच्या काकूची गिरणी आहे, अमक्या फाट्यावर उतरायचं. ती म्हणाली, "एकदा बघून येईन, तेवढंच समाधान." आली तर तिला बसव, पाणी दे. जीव हळहळला तिच्यासाठी.

बारकी

२३ फेब्रुवारी

बारके,

ती लेक नाही. सून आहे. ती म्हातारी काटेवालीची सासू आहे.

तुझ्या पत्रातलं पेपराचं कात्रण मी काटेवालीला दाखवलं. कौतुकानेच दाखवलं, बघ तुझे हात छापून आलेत म्हणून. तिने बघितलं आणि कात्रण उलटं ठेवलं. म्हणाली, "काकू, गाठ."

तू फोटो काढलास तो गाठीचा. सात वर्षं ती माझी पोती बांधते आणि मी कधी बघितलं नाही. सुतळीचे दोन वेढे घेते आणि टोक बाहेर न ठेवता आत दडवते. बाहेरून ओढली तर घट्ट होते, आत ढकलली की सुटते. तिच्या सासरची दोर वळणारी माणसं आहेत, होड्यांवर माल बांधायची. ओली झाली तरी अडकू नये म्हणून त्यांच्याच घरात ही गाठ मारतात. सासूने शिकवली होती.

खूण, खूण करत बसलो आपण दोघी. तू चेहरा झाकलास आणि म्हणालीस, हात कोणाचेही असतात. शहरात असतील. इथे आम्ही माणूस खोकण्यावरून ओळखतो, चालण्यावरून ओळखतो, दळणाचा डबा कसा आपटला त्यावरून कोण आलं ते न बघता सांगतो. तू इथे वाढलीस आणि एवढं विसरलीस? मीही विसरले, तुला एकटीला कशी बोलू.

मायलेकी काल सकाळी गेल्या. कुठे ते लिहीत नाही. चिंगी शाळेची वही राहिली म्हणून रडत होती.

काकू

२७ फेब्रुवारी

काकू,

फोटो उतरवला. भिंतीवर मोकळी जागा राहिलीय. लोक विचारतात तर मी काच फुटली म्हणून सांगते.

मला जेवण जात नाही. तू मला पोटात काही राहत नाही म्हणालीस ते किती खरं निघालं. मी पुरुषांवर पहारा देत राहिले आणि म्हातारीला पाणी पाजून पत्ता दिला. तिचं रडणं इतकं खरं होतं काकू. ते मी अजून डोळ्यांपुढे आणते आणि त्यात खोट शोधते, सापडत नाही.

मी तिकडे येऊ का? काय करू ते तू सांग. काहीतरी करायला दे.

बारकी

६ मार्च

बारके,

येऊ नकोस. इथे दोनच गोष्टी घडल्यात, दोन्ही सांगते.

म्हातारी आली. बुधवारी सकाळच्या बसने, एकटीच. ओट्यावर येऊन बसली आणि म्हणाली, "मी कोण ते तुम्हाला ठाऊक असेल." मी म्हटलं, नाही. "बरं," म्हणाली आणि बसून राहिली. गिरणी सुरू झाली, बंद झाली, तरी बसलेली. शेवटी तुझ्या काकांनाच राहवलं नाही, त्यांनी विचारलं, काय हवंय.

म्हणाली, मुलगा वारला. दीड वर्ष झालं. होडीवरून पडला, तीन दिवसांनी सापडला. आता घरात ती एकटी. नातीला एकदा बघायचंय, सुनेच्या पाया पडून माफी मागायचीय. पिशवीतून एक फ्रॉक काढला, स्वतः शिवलेला, दोन वर्षांच्या पोरीच्या मापाचा. मग तिच्याच लक्षात आलं की पोर आता नऊ वर्षांची असेल. तो फ्रॉक तोंडाला लावून अशी रडली की दळणाला आलेल्या बायकाही डोळे पुसायला लागल्या.

मी म्हटलं, इथे अशी कोणी नाही. ती म्हणाली, "नसेल. मी पंधरा तारखेला, मंगळवारी परत येते. तोवर निरोप पोचला तर पोचू दे."

आता माझा जीव टांगणीला लागलाय. तो मेला असेल तर ही पोर उगाच पळतेय. जिथे आहे तिथे एका खोलीत दार लावून बसलीय, चिंगीची शाळा बुडतेय. मेलेल्या माणसाला भिऊन तिने उरलेलं आयुष्य का काढायचं? आणि म्हातारी खोटं बोलत असेल तर मी माझ्या हाताने पोरीला त्याच्या दारात नेऊन घालीन. काका म्हणतात, बोलाव. मलाही बोलवावंसं वाटतंय, आणि म्हणूनच भीती वाटते.

काहीतरी करायला दे म्हणालीस ना? हे कर. कॅमेरा गळ्यात असला की तू कोणाच्याही घरात शिरतेस. त्यांचं नदीकाठचं गाव मी वेगळ्या कागदावर लिहिलंय, वाचून फाडून टाक. दोरखंडाचा कारखाना तिथे एकच आहे. तो आहे की गेला ते बघून ये. डावी भुवई मधोमध तुटलेली आहे, एकदा दोर तुटून लागला होता. मंगळवारपर्यंत मी निरोप धाडत नाही. मंगळवारपर्यंत तुझं काही आलं नाही, तर धाडीन.

सांभाळून जा. खरं तर तुलाही पाठवायला नको वाटतंय.

काकू

१३ मार्च

काकू,

तार केलीच आहे, ती आधी पोचेल. हे पत्र बसच्या ड्रायव्हरकडे देतेय, तुझ्याच हातात द्यायला सांगितलंय.

तो जिवंत आहे. निरोप धाडू नकोस.

आता सगळं सांगते.

काल सकाळी गेले. एक लांबलचक पत्र्याची शेड आहे. या टोकाला चाक आणि त्या टोकापर्यंत ताणलेले दोर. दोर वळणारी माणसं उलटी चालतात, काकू. कमरेला तंतू गुंडाळून मागे मागे सरकत येतात. मी दारात उभी होते आणि एक पाठ माझ्याकडे येत होती. हळूहळू, चांगली रुंद पाठ. मी कॅमेरा डोळ्याला लावलेला. दोन हातांवर येऊन तो थांबला आणि वळला. भिंगात आधी भुवईच दिसली. मधोमध तुटलेली.

मला वाटलं होतं की असा माणूस बघितल्यावर कळतो. नाही कळत. तो हसरा आहे. खुर्ची पुसून दिली. मी म्हटलं, जुन्या धंद्यांवर पुस्तक करतेय. "काढा की फोटो," म्हणाला. "पण तोंडाचा काढा हं. हल्ली हातांचेच फार काढतात." आणि भिंतीकडे बोट केलं. तिथे ते पेपरातलं कात्रण चिकटवलेलं होतं.

तरी मी विचारलं, यात काय विशेष आहे. तर त्याने सुतळी घेतली आणि माझ्या डोळ्यांसमोर ती गाठ मारून दाखवली. दोन वेढे, टोक आत. "आमच्या घराची आहे. आईला येते, मला येते आणि माझ्या बायकोला." मी विचारलं, बायको कुठे असते. "गेलीय जरा बाहेर. येईल आता. दिवस ठरलाय." असं म्हणाला, जसं आपण दूधवाला येईल म्हणतो.

तेवढ्यात आतून म्हातारी चहा घेऊन आली. तिने मला बघितलं. ओळखलं, आणि कप खाली ठेवला. तिच्या उजव्या मनगटाला फडकं बांधलेलं होतं, ते प्रदर्शनात नव्हतं. तो तिला म्हणाला, "आई, या बाईपण फोटो काढतात. तू त्या प्रदर्शनात गेली होतीस ना? ती बाई कशी होती गं दिसायला?"

काकू, मी आजपर्यंत इतकी कधी घाबरले नाही. म्हातारीने माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाली, "म्हातारी होती. जाड चष्म्याची."

मी चहा कसा प्यायले माहीत नाही. फोटो काढले, त्याचे, हवे तसे, तोंडाचे. निघताना कप ठेवायच्या निमित्ताने मागच्या नळावर गेले. ती तिथे भांडी घासत होती, एका हाताने. मान वर न करता बोलली. जे बोलली ते शब्दाला शब्द लिहितेय, बसमध्ये वहीत उतरवून घेतलं होतं:

"मला तो पाठवतो. मंगळवारी तोही येणारे, फाट्यावर थांबणारे. मी परत रडेन. माझं रडणं खरंच असतं, माझी नात आहे ती. पण तुझ्या काकूला सांग, माझ्यावर विश्वास ठेवू नका."

बारकी

२० मार्च

बारके,

तार रविवारी आली, पत्र सोमवारी संध्याकाळी. ड्रायव्हरने खरंच माझ्याच हातात दिलं. निरोप धाडला नाही. पोर आहे तिथे सुखरूप आहे, आणि तो जिवंत असल्याचं तिला कळवलंय. ती म्हणाली म्हणे, "मला माहीत होतं, काकू. तो मेला असता तर मला झोप लागली असती." चिंगीला तिथल्या शाळेत घालतायत, दुसऱ्या नावाने.

मंगळवारचं सांगते. म्हातारी आली, त्याच जागी बसली. मी समोर बसले. तिला माहीत होतं की मला माहीत आहे. मी गिरणी बंद ठेवली होती, दळणवाल्या बायकांना परत पाठवलं होतं, आत काका आणि शेजारचा लोहार बसलेले. ती रडायला लागली. "एकदाच बघू द्या," म्हणाली. मी म्हटलं, "ती गेली हो. कुठे गेली आम्हाला सांगितलं नाही." तिने विचारलं, "बरी होती का?" मी म्हटलं, "बरी होती." "आणि नात?" मी म्हटलं, "तिचं अक्षर छान आहे." मग ती जास्तच रडली.

तासाभराने तो फाट्यावरून चालत आला. तू म्हणालीस तसाच, हसरा. मला वाकून नमस्कार केला. सगळीकडे फिरून बघितलं, काट्यापाशी थांबला, तिथला स्टूल हाताने चाचपला. एका पोत्याची सुतळी बोटांनी फिरवून पाहिली. ती मी बांधलेली होती, साधी. "काकू, आली तर कळवा," म्हणाला आणि एका कागदावर पत्ता लिहून काट्याच्या ताटलीत ठेवला. लोहार दारात येऊन उभा राहिला तेव्हा म्हणाला, "अहो, निघालोच."

तू त्याचे फोटो काढलेस ते जप. एक लोहाराला दे, एक बसच्या ड्रायव्हरला, एक शाळेत. या वेळी तोंडच हवंय.

आता जे कोणाला सांगितलं नाही ते तुला सांगते. तो आधी पायरी उतरला. म्हातारी उठायला लागली, तिला एका हाताने उठता येईना. मी हात दिला. तिने माझा हात धरला तो सोडेचना. पाच-सहा मोजावेत इतका वेळ. आत दोन दांडगे पुरुष बसले होते, दाराला कडी होती, काट्यावरची जागा रिकामी होती. "राहा" एवढंच म्हणायचं होतं, बारके. त्या एका शब्दासाठीच ती हात धरून उभी होती. मी तो म्हणाले नाही. मला भीती वाटली त्याची. "सांभाळून जा," असं म्हणाले.

तिने हात सोडला आणि त्याच्यामागून गेली.

काकू